पित्त उठते तेव्हा : मन, चेतातंतू आणि कातडी

तोंडी परीक्षेसाठी वर्गाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या मुलांपैकी एखादा मान आणि दंड खाजवू लागतो. पाहावे तर कातडीवर लालसर, फुगीर चट्टे उठलेले. तासाभरात परीक्षा आटोपते, चट्टेही मावळतात आणि डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही. आपण याला ‘अंगावर पित्त उठले’ म्हणतो, चट्ट्यांना गांधी म्हणतो. घरी आमसुलाचा कोळ अंगाला चोळला जातो. तेवढ्यात कोणी म्हणते, “मनाला फार लावून घेतो, म्हणून होते हे.” दुसरे कोणी म्हणते, “मनाचा काय संबंध? खाण्यात काहीतरी बाधले असेल.”

हा वाद केवळ आपल्या घरातला नाही. वैद्यकातही तो शंभराहून अधिक वर्षे चालला. कधी सारा दोष मनाच्या माथी मारला गेला, तर कधी मनाला चौकशीतूनच वगळले गेले. आज या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी हाती आले आहे. ते कसे आले हे पाहिले, म्हणजे ‘कारण’ आणि ‘निमित्त’ यांतला फरक विज्ञानाला किती कष्टाने कळतो याचा अंदाज येतो.

नावांची गोष्ट

या विकारातील ‘पित्त’ म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारे पित्त नव्हे. हा शब्द आयुर्वेदातील त्रिदोषांतून आला आहे. ‘माधवनिदान’ या जुन्या ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ या विकारांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. गार वाऱ्याचा स्पर्श हे तेथे एक कारण सांगितले आहे, आणि अंगावर येणाऱ्या सुजेला गांधीलमाशीच्या दंशाची उपमा दिली आहे. गार वाऱ्याने किंवा थंड पाण्याने पित्त उठणारी माणसे आजही आढळतात, तेव्हा निरीक्षण पक्के होते.

युरोपात विल्यम कलेन या स्कॉटिश वैद्याने १७६९ मध्ये या विकाराला ‘अर्टिकेरिया’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘अर्टिका’ म्हणजे तिकडे सर्वत्र उगवणारे, केसाळ पानांचे एक झुडूप. आपल्याकडे खाजकुइली लागली की जशी खाज सुटते, तशी त्याच्या पानांना हात लागला की आग होते आणि फुगीर चट्टे उठतात. कलेनने नाव दिले ते निव्वळ साम्यावरून. पण या झुडपाचा पुढे पुन्हा संबंध येणार आहे, म्हणून ते लक्षात ठेवू या.

कातडीवर लिहिलेली अक्षरे

काही थोड्या माणसांच्या कातडीवर बोथट वस्तूने रेघ ओढली, तर काही मिनिटांत त्या जागी फुगीर रेघ उमटते आणि बराच वेळ टिकते. अशा कातडीवर अक्षरेही लिहिता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मानसिक विकार झालेल्या स्त्रियांच्या पाठीवर अशी अक्षरे उमटवून त्यांची छायाचित्रे घेतली जात. उन्माद, म्हणजेच ‘हिस्टेरिया’, हे निदान तेव्हा सर्रास केले जाई आणि कातडीवर उमटणारी अक्षरे ही त्याची एक खूण मानली जाई.

हीच खूण मनाने अगदी स्वस्थ असलेल्या माणसांतही सापडते. पण रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांनाच पाहत राहिले, तर हे लक्षात कसे येणार? तुलनेसाठी निरोगी माणसे तपासली नाहीत की असा घोटाळा होतो. त्यातून ‘अंगावर गांधी म्हणजे मनाचा दुबळेपणा’ ही समजूत वैद्यकात रुजली.

एक पेशी आणि एक रसायन

त्याच सुमारास जर्मनीत पाउल एर्लिश हा तरुण निरनिराळ्या कृत्रिम रंगांनी ऊतींचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्याला रक्तवाहिन्यांच्या आसपास कणांनी गच्च भरलेल्या काही पेशी दिसल्या. गंमत अशी, की रंग निळा वापरला तरी हे कण जांभळट दिसत. १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याने या पेशींचे वर्णन केले. त्या चांगल्या पोसलेल्या दिसत होत्या, म्हणून खाऊ घालून पोसणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून त्याने त्यांना ‘मास्ट पेशी’ म्हटले. त्या करतात काय, हे मात्र पुढची पाऊणशे वर्षे नीट कळले नाही.

दरम्यान १९१० मध्ये लंडनमध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामिन या साध्या रसायनाचे शरीरावरचे परिणाम तपासले. प्राण्यांना ते टोचले की रक्तदाब घसरे आणि श्वासनलिका आकसत. पुढे १९२७ मध्ये डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हिस्टामिन ताज्या यकृतात आणि फुप्फुसात मुळातच असते. म्हणजे ते बाहेरचे विष नाही, शरीराचा स्वतःचा माल आहे.

याच काळात लंडनमध्येच टॉमस लुइस आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड ग्रँट हे कातडीवर ओरखडे काढण्याचे काम शास्त्रशुद्ध रीतीने करत होते. त्यांचा प्रयोग वर्गातही करण्याजोगा आहे. हाताच्या आतल्या बाजूवर पट्टीच्या बोथट कडेने जरा दाबून एक रेघ ओढा. कातडी फाटता कामा नये. थोड्याच वेळात रेघेच्या जागी लाली येते. दाब पुरेसा असेल तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना अस्पष्ट कडांची लाली पसरते. काहींच्या हातावर थोड्या मिनिटांनी रेघ फुगून वर येते. सावळ्या रंगावर लाली दिसणे अवघड असते. तेथे बोट फिरवून फुगवटा जाणवतो का, ते पाहावे.

लाली, पसरणारी लाली आणि सूज अशा या तिहेरी प्रतिक्रियेचे वर्णन लुइस आणि ग्रँट यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. दुखावलेल्या कातडीतून एखादे रसायन सुटते, त्यामुळे केशवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून पाणी झिरपून सूज येते, असे त्यांचे म्हणणे होते. हे रसायन हुबेहूब हिस्टामिनसारखे वागत होते. तरीही ते हिस्टामिनच आहे याचा पुरावा हाती नसल्यामुळे लुइस यांनी त्याला नुसते ‘एच पदार्थ’ म्हटले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती बाजूला पसरणारी लाली. त्या भागाकडे जाणारा चेतातंतू कापला, तर लगेच केलेल्या प्रयोगात ही लाली पसरतेच. म्हणजे मेंदूकडे संदेश जाण्याची गरज नाही. पण काही दिवसांनी, तुटलेल्या चेतातंतूची कातडीतली टोके मरून गेल्यावर, ती पसरत नाही. याचा अर्थ असा, की कातडीतले चेतातंतू केवळ स्पर्शाची आणि वेदनेची वार्ता वर पोहोचवत नाहीत. ते तिथल्या तिथे रक्तवाहिन्यांवर परिणामही घडवतात.

१९३६ : भीती, व्यायाम आणि ऊब

अमेरिकेतील डॉक्टर डब्ल्यू. डब्ल्यू. ड्यूक यांनी १९२४ मध्ये उष्णता, थंडी, श्रम अशा भौतिक कारणांनी पित्त उठणाऱ्या रुग्णांविषयी लिहिले होते. हा धागा लुइस यांच्या त्याच सहकाऱ्याने, म्हणजे ग्रँट यांनी, पिअर्सन आणि कोमो यांच्यासह उचलला. १९३६ मध्ये त्यांनी ज्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक गांधी उठत. त्या तीन प्रसंगी उठत : भावना उचंबळल्यावर, व्यायाम केल्यावर आणि शरीर तापवल्यावर.

या तिन्ही प्रसंगांत सामाईक काय? घाम! घाबरल्यावर घाम फुटतो, धावल्यावर फुटतो, उकाड्यात तर फुटतोच. आणि दोनच वर्षांपूर्वी, १९३४ मध्ये, डेल आणि विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी मांजराच्या पंजावर प्रयोग करून दाखवले होते, की घर्मग्रंथींचे चेतातंतू आपला संदेश अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या रूपाने देतात. तेव्हा मेंदूकडून निघालेला आदेश चेतातंतूंवाटे कातडीत पोहोचतो, तेथे अ‍ॅसिटिलकोलिन सुटते आणि या विशिष्ट रुग्णांत त्यातून गांधी उठतात, असा निष्कर्ष ग्रँट आणि सहकाऱ्यांनी काढला. म्हणूनच या प्रकाराला पुढे ‘कोलिनर्जिक’ असे नाव पडले.

या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. भावनेला येथे प्रथमच एक वाट मिळाली, आणि ती वाट जिना चढण्याच्या किंवा गरम पाण्याने आंघोळ करण्याच्या पंक्तीला बसली. जिना चढल्यावर गांधी उठल्या म्हणून कोणी रुग्णाच्या स्वभावाला दोष देत नाही. मग भीतीने उठल्या तर का द्यावा?

आता त्या झुडपाकडे वळू. १९४७ मध्ये एमेलिन आणि तेच फेल्डबर्ग यांनी ‘अर्टिका’च्या केसांतील द्रव तपासला. त्यात हिस्टामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन ही दोन्ही रसायने सापडली. कलेनने निव्वळ साम्य पाहून १७६९ मध्ये दिलेले नाव रसायनशास्त्राच्या कसोटीलाही उतरले!

लंबक मनाकडे झुकतो

१९४० ते १९६० या काळात, विशेषतः अमेरिकेत, शारीरिक रोगांची मुळे मनात शोधण्याची लाट आली. १९४१ मध्ये सॉल आणि बर्नस्टीन यांनी पित्त उठण्याचा संबंध दाबलेल्या रडण्याशी जोडला. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड ग्रॅहम आणि स्ट्यूअर्ट वुल्फ यांनी अधिक काटेकोर काम केले. रुग्णांशी त्यांच्या दुखऱ्या प्रसंगांविषयी बोलताना त्यांनी कातडीच्या रक्तवाहिन्यांवर लक्ष ठेवले, तेव्हा त्या रुंदावताना आढळल्या. हे निरीक्षण मोलाचे होते.

पण गाडी तेथे थांबली नाही. १९५२ मध्ये ग्रेस आणि ग्रॅहम यांनी १२ विकारांच्या १२८ रुग्णांच्या मुलाखतींवरून असे मांडले, की प्रत्येक विकारामागे एक ठरावीक मनोवृत्ती असते. पित्त उठणाऱ्या माणसाला म्हणे असे वाटत असते, की आपल्यावर अन्याय होतो आहे, आपण मार खातो आहोत आणि त्यावर काहीच करू शकत नाही. १९५८ मध्ये निरोगी माणसांना संमोहनाखाली ही वृत्ती सुचवली असता त्यांच्या हाताच्या कातडीचे तापमान वाढले, असाही अहवाल आला.

या कामातील उणिवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनाही शोधून काढता येतील. एक तर रुग्णाशी प्रत्यक्ष बोलणाऱ्याला त्याचा रोग सहसा ठाऊक असतो. मग त्याला हवे तेच ऐकू येण्याचा धोका राहतो. दुसरे, हे प्रश्न रोग जडल्यानंतर विचारलेले असतात. महिनोन्महिने खाज, त्यामुळे झोप नाही आणि उपचारांनी गुण नाही, अशा माणसाला ‘आपण मार खातो आहोत’ असे वाटले तर नवल काय? ही मनोवृत्ती रोगाचे कारण आहे की परिणाम, हे अशा मुलाखतींतून ठरत नाही. तिसरे, कातडी थोडी उबदार होणे आणि गांधी उठणे यांत फार अंतर आहे.

या सगळ्याची किंमत रुग्णांनी मोजली. आधीच अंगाला खाज, वर ‘तुझ्या स्वभावामुळे होते’ हा ठपका.

लंबक उलट दिशेने जातो

१९५३ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट यांनी एर्लिशच्या पेशींचे कोडे सोडवले. काही औषधे दिली की शरीरातील हिस्टामिन मोकळे होते, हे ठाऊक होते. त्यांपैकी एक औषध अतिनील प्रकाशात चमकते. ते प्राण्याला देऊन रायली यांनी पाहिले, तेव्हा चमक मास्ट पेशींत दिसली. मग दोघांनी निरनिराळ्या ऊतींतील हिस्टामिन मोजले. जेथे मास्ट पेशी जास्त, तेथे हिस्टामिनही जास्त निघाले. लुइस यांचा ‘एच पदार्थ’ अखेर आपल्या कोठारासह सापडला.

१९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी अ‍ॅलर्जीला कारणीभूत होणारे प्रतिपिंड शोधले. ते आज ‘आयजीई’ या नावाने ओळखले जाते. मास्ट पेशींवर या प्रतिपिंडांचे ग्राही असतात. प्रतिपिंडांना त्यांचे लक्ष्य भेटले की पेशी आपले कण बाहेर टाकते. खाण्यातून किंवा औषधातून उठणाऱ्या पित्ताचा उलगडा यातून झाला.

पण सहा आठवड्यांहून अधिक काळ वारंवार पित्त उठणाऱ्या कित्येक रुग्णांत कोणतेही वावडे सापडत नसे. ‘मानसिक असेल’ हा शेरा बहुधा यांच्याच वाट्याला येई. १९९३ मध्ये हिडे, ग्रीव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही रुग्णांच्या रक्तात एक वेगळे प्रतिपिंड दाखवले. ते मास्ट पेशींवरील आयजीईच्या ग्राहीलाच जाऊन चिकटते आणि पेशीला कण टाकायला लावते. म्हणजे त्यांची प्रतिकारसंस्था स्वतःच्याच पेशींना डिवचत होती. २०१४ पासून काही देशांत अशा चिवट पित्तावर आयजीईला अडवणारे एक इंजेक्शनही मान्य झाले आहे.

मग भावनेचा विषय संपला का? नाही. प्रतिपिंड रक्तात दररोज असतात. मग पित्त अमुक दिवशीच का भडकते? हा प्रश्न शिल्लकच होता.

चेतातंतूंची टोके पुन्हा रंगमंचावर

१९३१ मध्ये डेल यांच्या प्रयोगशाळेत उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात एक नवे द्रव्य सापडले. त्याला ‘सब्स्टन्स पी’ म्हणतात. त्याची रचना १९७१ मध्ये उलगडली. ते वेदनेच्या चेतातंतूंच्या टोकांत साठवलेले असते. १९७८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी ते माणसाच्या कातडीत टोचले, तेव्हा खाज, लाली आणि सूज उमटली. लुइस यांची पसरणारी लाली येथे पुन्हा भेटते. चेतातंतूंची टोके आणि मास्ट पेशी कातडीत एकमेकांच्या अगदी जवळ असतात आणि त्या रसायनांच्या भाषेत बोलतात. २०१५ मध्ये मास्ट पेशींवरील एका वेगळ्या ग्राहीची भूमिका स्पष्ट झाली. सब्स्टन्स पी त्याच्यामार्फत, आयजीईची मदत न घेता, पेशीला कण टाकायला लावू शकते.

आणखी एक वाट १९८५ मध्ये शेली दांपत्याने दाखवली. त्यांच्या रुग्णांच्या अंगावर मानसिक ताणानंतर बारीक लाल गांधी उठत, आणि प्रत्येकीभोवती पांढरट कडे असे. कातडीत अ‍ॅड्रिनलिन टोचले तर तशाच गांधी उमटत. अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम अडवणारे औषध दिले की आराम पडे. हा प्रकार अगदी दुर्मीळ आहे. १९९९ मध्ये थिओहरिडिस यांच्या गटाने दाखवले, की उंदरांना काही काळ जखडून ठेवले, तर त्यांच्या कातडीतील मास्ट पेशी कण टाकतात. ताण आल्यावर मेंदू ज्या संप्रेरकाने सारी यंत्रणा सुरू करतो, तेच संप्रेरक आणि सब्स्टन्स पी यांत सामील होते.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “पण ताण आला की अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सुटतात ना? तीव्र अ‍ॅलर्जीत जीव वाचवायला डॉक्टर अ‍ॅड्रिनलिनच टोचतात, आणि कॉर्टिसॉलसारखी औषधे अ‍ॅलर्जी दाबतात. मग ताणाने पित्त कमी व्हायला हवे!” प्रश्न अगदी रास्त आहे. ताणाची यंत्रणा एका तारेची नाही. रक्तावाटे जाणारी संप्रेरके पित्त दाबण्याच्या बाजूने काम करतात, तर कातडीतील चेतातंतूंची टोके ते भडकवू शकतात. कोणाचे पारडे जड ठरेल, हे त्या माणसाच्या मास्ट पेशी आधीच किती हळव्या झालेल्या आहेत यावर बरेच अवलंबून असते.

याचे सुरेख उदाहरण जपानमधून आले. १९३६ मधील रुग्णांसारख्या, म्हणजे घामाबरोबर बारीक गांधी उठणाऱ्या अनेक रुग्णांना स्वतःच्याच घामाची अ‍ॅलर्जी असते, असे तेथील संशोधकांना आढळले. २०१३ मध्ये हिरोशिमाच्या गटाने त्यातील एक दोषी प्रथिन ओळखले. ते माणसाच्या कातडीवर नेहमीच राहणाऱ्या एका बुरशीचे होते. भीती वाटली, घाम आला, घामातील प्रथिन हळव्या मास्ट पेशींना भेटले आणि पित्त उठले. परीक्षेची भीती वर्गातील चाळीस जणांना वाटते, पण गांधी एखाद्याच्याच अंगावर उठतात, त्याचे कारण हे. भीती हे निमित्त. कारण कातडीत आधीच तयार असते.

शाळेत हे कशासाठी माहीत हवे?

परीक्षेच्या दिवशी अंगावर गांधी उठलेली मुलगी ढोंग करत नसते आणि ती मनाने दुबळीही नसते. ‘घाबरू नकोस, काही झालेले नाही’ असे म्हणणेही चूक, कारण काहीतरी खरोखरच झालेले असते. तिला सावलीत, वाऱ्यावर बसवावे, घट्ट कपडे सैल करायला सांगावे आणि खाजवू देऊ नये. हे चट्टे संसर्गजन्य नसतात, तेव्हा तिला वेगळ्या बाकावर बसवण्याची गरज नाही. ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज आली, आवाज घोगरा झाला, धाप लागली किंवा चक्कर आली, तर मात्र एक मिनिटही न दवडता दवाखान्यात न्यावे.

आणि ‘हे ताणाने होते’ असे सांगून पालकांनी डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. मुलांमध्ये सर्दी-तापासारख्या संसर्गानंतरही पित्त उठते. एखाद्या वेदनाशामक गोळीनेही उठते. वारंवार उठत असेल तर एका वहीत तारीख, वेळ, त्याआधी काय खाल्ले, कोणते औषध घेतले, किती धावपळ केली आणि मनःस्थिती कशी होती, हे सारे लिहून ठेवावे. चट्टे मावळण्यापूर्वी एक छायाचित्रही काढून ठेवावे. डॉक्टरांसमोर चट्टे नसले तरी ही वही असेल, आणि तिच्यात मनःस्थितीचा रकाना बाकीच्या रकान्यांच्या शेजारीच असेल.